गर्दीतल्या पोराचं नाव यादीत आहे का?

एप्रिल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो. 'शूटिंगसाठी 6 ते 12 वयाची 30 मुलं पाहिजेत. उद्या सकाळी 6 ला गाडी. चहा-नाष्टा-जेवण कंपनीचं.' शूटिंग कुठं, कसलं, किती वाजेपर्यंत, पैसे कोण देणार, यातलं काही त्यात नसतं. आईबापही विचारत नाहीत, कारण पोरगं टीव्हीवर दिसणार असतं आणि फार विचारलं तर 'राहू दे, दुसरी मुलं हाईत की' असं उत्तर येतं.

मालिकेत नायिकेच्या मुलाचं काम करणाऱ्या बालकलाकाराचं बरंचसं ठीक चालतं. त्याचा करार असतो, आई सेटवर असते आणि तो आजारी पडला तर शूटिंग अडतं, म्हणून त्याला जपतात. अडचण असते ती जत्रेच्या सीनमध्ये मागून पळणाऱ्या, शाळेच्या सीनमध्ये तिसऱ्या बाकावर बसलेल्या, किल्ल्याच्या पायथ्याशी अनवाणी उभ्या केलेल्या पोरांची. कायद्याच्या नजरेत तीही बालकलाकारच आहेत. संवाद असलेलं मूल आणि गर्दीतलं मूल असा फरक कायदा करत नाही, तो सेटवर होतो.

आधी कायदा थोडक्यात. बालकामगार कायदा 1986 चा. 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. त्यातून दोन सवलती आहेत: शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्यांना हातभार, आणि सिनेमा, मालिका, जाहिराती वगैरेंमध्ये कलाकार म्हणून काम. दुसऱ्या सवलतीच्या अटी 2017 च्या केंद्रीय नियमांत, नियम 2सी मध्ये आहेत. दिवसाला जास्तीत जास्त 5 तास काम, सलग 3 तासांवर विश्रांती. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त काम नाही. दर 5 मुलांमागे एक जबाबदार माणूस. कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या मनाविरुद्ध काहीही नाही. आणि हे सगळं सुरू होण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्याकडं डीसींची परवानगी.

परवानगीसाठी निर्माता फॉर्म सी मध्ये हमीपत्र देतो. सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव जोडतो. हमीपत्र 6 महिने चालतं, त्यामुळं वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेनं ते पुन्हा पुन्हा द्यायला हवं. खरी मेख या यादीत आहे. मुख्य बालकलाकाराचं नाव तिच्यात हमखास असतं. गर्दीची मुलं मात्र आदल्या रात्री को-ऑर्डिनेटरच्या, म्हणजे मुलं गोळा करून देणाऱ्या मध्यस्थाच्या फोनवर ठरतात, आणि यादी तर त्याच्या कितीतरी आधी कचेरीत गेलेली असते. नाव यादीत नाही म्हणजे त्या दिवशी ते मूल कागदोपत्री सेटवर नाहीच. मग 5 तास कुणी मोजायचे, 20 टक्के कुणाच्या नावे ठेवायचे आणि पाय मोडला तर जबाबदार कोण, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच येतं: कोणी नाही. म्हणून गाडीत बसवण्याआधी एकच गोष्ट विचारायची झाली तर 'पैसे किती?' विचारू नका. 'परवानगीच्या यादीत माझ्या मुलाचं नाव आहे का, फोटो पाठवा' असं विचारा. खरं सांगणाऱ्या प्रॉडक्शनला हा फोटो पाठवायला दोन मिनिटं लागतात.

सीमाभागात याला आणखी एक फाटा फुटतो. परवानगी मूल ज्या जिल्ह्यातलं त्या जिल्ह्याची लागत नाही, कंपनी जिथली तिथलीही नाही. जिथं शूटिंग होणार त्या जिल्ह्याची लागते. निपाणीचं पोरगं कोल्हापूरच्या चित्रनगरीत नेलं तर परवानगी कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची. तेच युनिट दुसऱ्या दिवशी येळ्ळूरच्या राजहंसगडावर किंवा हलशीच्या देवळात आलं तर बेळगावच्या डीसींची. चंदगडात सकाळचे सीन आणि खानापूर तालुक्यात दुपारचे, असा बेत असेल तर दोन्ही. 'आमच्याकडं कोल्हापूरची परमिशन आहे' हे उत्तर बेळगावच्या हद्दीत चालत नाही. किल्ल्यावर किंवा देवळात शूटिंग करायची परवानगी वेगळी, मुलांची वेगळी, हेही लक्षात ठेवा. पहिलीचा कागद दाखवून दुसरीची वेळ मारून नेतात.

संमतीच्या कागदाची भाषा हा आपल्याकडचा जुना दुखरा भाग. कंपनीचा कागद इंग्रजीत, कचेरीचा अर्ज कन्नडमध्ये, आणि सही करणारी आई मराठी शाळेत शिकलेली. न कळणाऱ्या कागदावर सही करायची नाही, एवढं धरून बसा. आशय मराठीत वाचून घ्या. सहीखाली आपल्या हातानं मराठीत तारीख, शूटिंगचं ठिकाण, 'फक्त या एका दिवसासाठी' आणि 'मजकूर मला मराठीत समजावून सांगितला' असं लिहा. बऱ्याच संमतीपत्रांत मुलाचं चित्रण कुठंही, कितीही काळ, कशासाठीही वापरायचा हक्क घेतलेला असतो. मालिकेपुरतं ठीक आहे, पण जाहिरातीत वापरणार असाल तर वेगळं विचारा, हे वाक्य टाकायला हरकत नसते. आधारची झेरॉक्स देताना फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या आणि प्रतीवर कारण लिहून आडवी रेघ मारा.

शाळेकडून पूर्ण वर्गच उचलून नेण्याचा प्रकारही आहे. युनिटला शाळेचा सीन हवा असतो, मुख्याध्यापकांना शाळेचं नाव पडद्यावर हवं असतं. मुलं गणवेशात येतात, बिस्किटाचा पुडा घेऊन घरी जातात आणि कंपनीचा गर्दीचा खर्च वाचतो. मुख्याध्यापकांची सही ही पालकांची संमती नव्हे. नियमात पालक किंवा गार्डियन म्हटलंय, वर्गशिक्षक नाही. शिक्षक बरोबर असले तर उत्तमच, 5 मुलांमागच्या जबाबदार माणसांत ते धरता येतील. पण 40 मुलांमागं दोन शिक्षक म्हणजे सहा माणसं कमी.

सुट्ट्यांचा घोळ तर दरवर्षीचा. कर्नाटकातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण 10 एप्रिलच्या सुमारास लागते आणि मे संपता संपता शाळा उघडतात. महाराष्ट्रात सुट्टी मेच्या सुरुवातीला लागते आणि जूनच्या मध्यापर्यंत चालते. ऑक्टोबरात आपल्याकडं दसऱ्याची मोठी सुट्टी, तिकडं दिवाळीची. कोल्हापूर-मुंबईचं युनिट त्यांच्या कॅलेंडरवर दिवाळीच्या सुट्टीतलं किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यातलं शूटिंग लावतं आणि 'मुलांना सुट्टीच आहे' असं धरून चालतं. त्या वेळी इकडं वर्ग सुरू असतात. कामामुळं शाळा बुडता कामा नये, ही अट मूळ कायद्यातच आहे, त्यामुळं 'एक दिवसानं काय होतंय' याला आधार नाही. को-ऑर्डिनेटरला तारीख कळली की आधी आपल्या शाळेचं कॅलेंडर पुढं करा.

आता वेळ. सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते, आणि ती लबाडीपेक्षा कामाच्या पद्धतीतून होते. 5 तास कुठून मोजायचे? युनिट मोजतं कॅमेऱ्यासमोरचे. मूल सकाळी 6 ला गाडीत बसलं, 8 ला पोचलं, 9 ला कपडे घालून तयार झालं, 2 वाजेपर्यंत झाडाखाली बसलं, 2 ते 6 शॉट दिले. त्यांच्या हिशेबानं हे 4 तास झाले! मुलाच्या हिशेबानं प्रवास सोडूनही 10 तास. नियम 2सी 'काम' म्हणतो, थांबण्याचं काय ते स्पष्ट सांगत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 7 मध्ये 14 ते 18 वयाच्या किशोरांचा दिवस विश्रांतीसकट 6 तासांत बसवायचा आहे, आणि त्या 6 तासांत कामाची वाट बघण्याची वेळही धरायची, असं लिहिलंय. 15 वर्षांच्या पोराचं ताटकळणं मोजायचं आणि 8 वर्षांच्या पोराचं नाही, हे कुठल्या न्यायानं? कॉल टाइमपासून, म्हणजे सेटवर बोलावलेल्या वेळेपासून पॅकअपपर्यंत, विश्रांती सोडून मोजा, यावर पालकांनी अडून बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच कलमात किशोरांना संध्याकाळी 7 ते सकाळी 8 कामाला बंदी आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांच्या मसुद्यातही लहान मुलांसाठी हीच वेळ धरली होती. रात्रीच्या जत्रेच्या सीनला 6 वर्षांची पोरं पहाटे 2 पर्यंत जागवणारे 'लाइटिंगला वेळ लागला' म्हणतात, तेव्हा ही वेळ त्यांना दाखवा.

वेळ का लांबते ते कळलं तर उपायही कळतो. एकदा मूल फ्रेममध्ये दिसलं की कंटिन्युइटी सुरू होते, म्हणजे पुढच्या शॉटमध्येही सगळं तसंच दिसायला हवं. पूर्ण दृश्य दाखवणाऱ्या मास्टर शॉटमध्ये डावीकडं लाल परकर-पोलक्यातली मुलगी असेल तर क्लोजअपपर्यंत ती तिथंच हवी. म्हणून असिस्टंट डायरेक्टर (एडी) कुणालाच सोडत नाही. जाणकार एडी मुलांचे दोन गट करतो. कॅमेऱ्याजवळ ओळखू येणारी 8-10 मुलं एका गटातली, त्यांचे शॉट आधी उरकायचे. मागची, चेहरा न दिसणारी मुलं दुपारी बदलायची, तेच कपडे दुसऱ्या गटाला चढवायचे. उदाहरणार्थ, पहिला गट 8.30 ला येतो, पाऊण तास कपडे-मेकअप, 11.15 पर्यंत शॉट, पाऊण तास विश्रांती आणि खाणं, 12 ते 2.15 पुन्हा शॉट, मग घरी. विश्रांती सोडून बरोबर 5 तास, आणि एकही टप्पा 3 तासांच्या वर नाही. दुसरा गट 1.15 ला येतो, 4 पर्यंत, विश्रांती, 4.45 ते 7. थंडीत सहाच्या सुमारास ऊन संपतं, त्यामुळं बाहेरचे शॉट आधी लावावे लागतात. यात कंपनीचा खर्च वाढतो तो दुसऱ्या गाडीचा आणि दुसऱ्या जेवणाचा. हा खर्च टाळायचा म्हणूनच मुलं दिवसभर अडकतात, बाकी कारण नाही.

40 मुलांना 8 जबाबदार माणसं लागतात. ती नुसती हजर असून भागत नाही. प्रत्येकाकडं आपल्या 5 मुलांची नावं, पालकांचे फोन, कुणाला दमा, कुणाला फिट, कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी हे लिहिलेलं पाहिजे. गाडीत चढताना, उतरताना, जेवणानंतर आणि परत निघताना, अशी चार वेळा मोजणी. स्पॉट दादाला (सेटवर चहा-पाणी, पडेल ते काम बघणारा) किंवा को-ऑर्डिनेटरला 'मुलांकडं बघ जरा' म्हणणं यात धरू नका. त्यांना शॉट लागला की पळावंच लागतं.

उन्हाळ्यात राजहंसगडासारख्या जागी दगडाची फरशी दुपारी 12 ला चटके देते. ऐतिहासिक सीन म्हणून मुलं अनवाणी उभी करतात. शॉट सुरू होईपर्यंत चप्पल पायात आणि 'रोल' म्हटल्यावर बाजूला, ही साधी शिस्त पाळली तर पायाला फोड येत नाहीत. चप्पल उचलायला एक माणूस नेमावा लागतो एवढंच. पाणी 5 तासांना एका मुलाला एक ते दीड लिटर धरा. 40 मुलांना 40 ते 60 लिटर, म्हणजे 20 लिटरचे दोन-तीन जार नुसत्या मुलांसाठी, आणि ते मुलं बसतात तिथं, चहाच्या टेबलाशी नव्हे. किल्ल्यावर, शेतात, खानापूरच्या जंगलात संडास नसतो. मोठ्या मुली पाणी पिणंच बंद करतात. दुपारी ज्या मुलींना चक्कर येते, त्यात याही असतात. तेव्हा 'उन्हानं झालं' म्हणून ग्लुकोज पाजतात आणि मूळ कारण तसंच राहतं. दार लागणारा फिरता संडास मागा, तो नसेल तर जवळच्या घराची सोय आधी ठरवा. पावसाळ्यात कणकुंबी, चोर्ला बाजूला मुलं न्यायची असतील तर जळवा आल्याच. लांब मोजे आणि मीठ बरोबर ठेवा, आणि भिजल्यावर बदलायला कपड्यांचा एक जोड. पावसाचा सीन टँकरच्या पाण्यावर करतात. ते पाणी कुठून भरलं ते विचारा, कारण ते तोंडात जातंच.

सेटवर जेवणाची रांग ठरलेली असते: कलाकार, युनिट, शेवटी ज्युनिअर, म्हणजे गर्दीतली माणसं. मुलांची ताटं आधी काढायला सांगा. सकाळचं उप्पीट 8 ला आणि जेवण 3 ला, यात लहान पोर टिकत नाही. डबा घरून द्या: चपाती-भाजी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. दुधाचं काही नको, उन्हात फाटतं.

इलेक्ट्रिकच्या बाबतीत दोनच गोष्टी, पण त्या कडक. जनरेटर व्हॅनच्या मागं सावली असते, म्हणून मुलांना तिथं बसवतात. तिथं धूर आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. डोकं दुखणं, उलटी, ग्लानी ही लक्षणं, आणि लोक समजतात गाडी लागली. दुसरी, शूटिंगच्या मोठ्या, प्रखर एचएमआय दिव्यांची. त्यांच्या पुढची काच अतिनील किरण अडवते. काच तडकलेली असेल किंवा काढलेली असेल तर डोळे भाजतात आणि त्रास काही तासांनी, बहुधा रात्री घरी गेल्यावर सुरू होतो. डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं. असं झालं तर चोळू न देता डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या आणि दिव्यासमोर होता हे सांगा.

मेकअपला एकच स्पंज 30 चेहऱ्यांवर फिरतो. डोळे येण्याची साथ असली तर एका दिवसात निम्मा वर्ग लाल. गर्दीच्या मुलांना खरं तर मेकअपची गरजच नसते, थोडी पावडर पुरते. ती घरून लावून पाठवा आणि 'आमच्याला लावू नका' म्हणा. विग आणि फेट्यातून उवा येतात, त्यासाठी आत बांधायला स्वतःचा सुती रुमाल द्या. कपडे बदलायला मुलींना वेगळी, बंद खोली पाहिजे. ड्रेस दादानं चादर धरून आडोसा करायचा, हे चालवून घेऊ नका. तिथं कुणाचाही मोबाइल नको.

रडण्याचे आणि घाबरण्याचे सीन हा वेगळा विषय होईल, पण एवढं सांगतो. गर्दीतल्या मुलांना काय होणार ते कुणी सांगत नाही, कारण खरी भीती पडद्यावर छान दिसते. घोडे अचानक सोडतात, मशाली घेऊन माणसं ओरडत अंगावर येतात, कधी 'आई निघून गेली' असं खोटंच सांगून रडवतात. आयत्या वेळी असा प्रकार झाला तर मुलाला बाजूला घ्यायचा हक्क पालकाचा आहे आणि नको म्हणायचा हक्क मुलाचा. सीनच्या आधी मुलांना खोटं रक्त बोटाला लावून दाखवा, मशालवाल्याची ओळख करून द्या, एकदा हळू चालून तालीम करा. दहा मिनिटं जातात. सांगून सवरून पळणारी पोरं जास्त नीट पळतात, कारण ती एकमेकांवर आदळत नाहीत.

पैशाचा नियम मात्र गर्दीच्या मुलांसाठी बनवलाच नाही असं वाटतं. समजा रोज 600 रुपये. 20 टक्के म्हणजे 120. 120 रुपयांची मुदत ठेव कुठली बँक उघडणार? स्टेट बँकेत किमान ठेवच 1,000 ची, म्हणजे 5,000 रुपये कमावल्याशिवाय तो आकडा गाठत नाही. परिणामी गर्दीच्या मुलांसाठी कुणी ठेवतच नाही. व्यवहारात जमणारा मार्ग असा: मुलाचं राष्ट्रीयीकृत बँकेत खातं आधी उघडा. जन्मदाखला, आधार, पालकाचा पॅन लागतो. कंपनीला सांगा, पूर्ण मानधन याच खात्यावर ट्रान्सफर करा आणि तपशिलात कामाचं नाव टाका. हजार जमले की ठेव करा. आपल्याकडं गल्लीगल्लीत सोसायट्या आहेत, पिग्मी एजंट दारात येतो, पण नियमाला सोसायटी किंवा सहकारी बँक चालत नाही. ट्रान्सफरचा दुसरा फायदा म्हणजे को-ऑर्डिनेटरचं कमिशन उघडं पडतं. व्हाउचरवर 600 लिहून हातात 400 देणं रोखीतच जमतं. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. काम मिळवून देण्यासाठी कार्ड, पोर्टफोलिओ, रजिस्ट्रेशन फी असं काही मागितलं तर तिथंच फोन ठेवा. काम देणारा पैसे मागत नसतो.

काही बिघडलं तर 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर दोन्ही राज्यांत चालतो. नियम मोडून मुलाला कामावर ठेवणाऱ्याला 6 महिने ते 2 वर्षं कैद किंवा 20,000 ते 50,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. लैंगिक त्रासाचा संशय असेल तर पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, सेटवरच्या प्रत्येकाला, आणि गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो. प्रकार कोल्हापुरात घडला म्हणून बेळगावचं पोलीस ठाणं तुम्हाला परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर कुठंही नोंदवता येतो, नंतर तो ज्या हद्दीतला आहे तिकडं जातो. तक्रारीला जोडायला यादीचा फोटो, कॉलचा मेसेज, गाडीचा नंबर आणि मूल घरी पोचल्याची वेळ लागेल. म्हणून हे चारही त्याच दिवशी जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवणारा नंतर डिलीट करतो, त्याचा स्क्रीनशॉट आल्या आल्याच काढायचा.